ढोकेश्वराच्या वाटेवरची खडी

नगरहून कल्याण रस्त्याला लागलात की चाळीसएक किलोमीटरवर टाकळी ढोकेश्वर येते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते!) गावाजवळच्या टेकडीत महादेवाचे लेणे आहे. दिवाळीच्या सुटीत सासूबाईंना आणि मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो.

पायऱ्या चढून आत गेलात की कसे गार वाटते! सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हे सारे डोंगराच्या खडकात कोरले. जाडजूड खांब, शंकराची पिंड, गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट आणि भिंतीवर सप्तमातृका. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, तेव्हा जीभ थोडीच गप्प बसणार? मुलांना म्हटले, "एवढे काम केले, पण त्या कारागिरांचे नाव कुणाला ठाऊक नाही."

सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमचं तरी कुठं लिवलंय?"

आणि मग, लग्नाला बारा वर्षे झाल्यावर, मला प्रथमच कळले. १९७२च्या दुष्काळात सोळा वर्षांच्या सासूबाई पारनेर तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. खडीच्या ढिगाचे माप घेऊन मजुरी मिळे. बायकांची तान्ही मुले बाभळीला बांधलेल्या झोळीत. खायला सुकडी, नाहीतर लाल मिलोची भाकरी. त्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख वाकडे आहे. "दारात सापडलं होतं," असे त्या आम्हांला सांगत. ते हातोडीखाली सापडले होते!

"आई, कधी बोलला नाहीत?"

"शिकल्याली सून. तिला काय सांगायचं, सासू खडी फोडत हुती म्हणून?"

भगिनींनो, मला मान वर करवेना.

त्या दुष्काळात राज्यभर रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे निघाली. मे १९७३मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, त्यांत बायका फार मोठ्या संख्येने. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. पुढे २००५ साली देशाने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

परत येताना मुले आजीचा अंगठा धरून बसली होती. एका फाट्याशी त्या हळूच म्हणाल्या, "ह्या आतल्या रस्त्याला आमची खडी हाय." आम्ही गाडी थांबवली. सगळे उतरलो.

तुम्ही ढोकेश्वराला जाल तेव्हा पाण्याची बाटली आणि बॅटरी जवळ ठेवा. श्रावणी सोमवारी गर्दी असते, निवांत पाहायचे तर एरवी जा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. पायऱ्यांना वेळ लागेल, लागू द्या.