बाहेरून लागणारी कडी

१२ जुलै
ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ पुन्हा वाचायला घेतली. १७९४ची कादंबरी. प्रकाशकाने तिला ५०० पौंड मोजले होते. त्या काळात एका बाईच्या कादंबरीसाठी ही रक्कम थक्क करणारी होती. सुरुवातीची डोंगरदऱ्यांची वर्णनं आज भराभर उलटली. मला अपेनाइन्स पर्वतातल्या उडॉल्फोच्या गढीत, नायिका एमिलीच्या खोलीत पोचायचं होतं.

त्या खोलीला दोन दारं आहेत. दुसरं दार एका अंधाऱ्या जिन्यावर उघडतं आणि त्याला आतून कडीच नाही, ती फक्त बाहेरून लागते. एमिली खोली बदलून मागते, गढीचा मालक मोंतोनी दाद देत नाही. मग एका सकाळी तिला कळतं, रात्री कुणीतरी येऊन बाहेरून कडी घालून गेलंय. त्या प्रसंगात भूत कुठेच नाही, तरी अंगावर काटा आला.

१३ जुलै
मोंतोनीला एमिलीचं रूप नको आहे. त्याला सह्या हव्या आहेत. आपल्या बायकोने, म्हणजे एमिलीच्या आत्याने, फ्रान्समधली तिच्या नावावरची जमीन लिहून द्यावी म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो. शेवटी ती गढीतच मरते. मग तोच तगादा एमिलीमागे लागतो.

अशा भीतीच्या नि प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे पळवाट, असं शिकलीसवरलेली माणसंही म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं होत असे. १८७०च्या कायद्याने निदान तिची मजुरी तिची झाली. मालमत्ता आपल्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ साली मिळाला. म्हणजे गढीत कोंडलेली बाई ही कविकल्पना नव्हती. रॅडक्लिफने ती इटलीत नेऊन ठेवली, जुन्या काळात नेऊन ठेवली, एवढंच. लंडनच्या दिवाणखान्यात बसून जे उघड बोलता येत नव्हतं ते वाचकिणींना तिथे मोकळेपणी वाचता आलं.

१६ जुलै
दिवसभर पाऊस. वाचन नाही.

१९ जुलै
रात्री ‘कोहरा’ हा सिनेमा पाहिला. १९६४चा, बिरेन नाग यांचा. डाफ्नी द्यू मॉरिएच्या १९३८च्या ‘रेबेका’ कादंबरीवर बेतलेला. वहिदा रेहमान नव्या सूनबाई, आणि त्या वाड्याची जुनी दाई ललिता पवार. ललिताबाई नुसत्या जिन्याच्या टोकाला उभ्या राहिल्या तरी ते घर कुणाचं आहे ते कळतं.

‘रेबेका’त दुसऱ्या बायकोला लेखिकेने नावच दिलेलं नाही. मेलेल्या पहिलीचं नाव मात्र घरात सगळीकडे. लग्न करून गेलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. घरातले सगळे डबे, सगळ्या सवयी, सगळी माणसं आपल्याआधीपासूनची. आपणच काय त्या नव्या. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांनी हे सांगितलं आहेच. पण ओवीतली सून सासूबद्दल बोलते, नणंदेबद्दल बोलते. नवऱ्याची ओढ आणि नवऱ्याची भीती एकाच दमात क्वचितच बोलते. या कादंबऱ्या ते बोलतात. त्यांची खरी मोहिनी मला इथे दिसते.

२४ जुलै
‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ दोन्ही १८४७च्या, शार्लट आणि एमिली ब्राँटे या दोघी बहिणींच्या, दोन्ही पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी छापलेल्या. एमिलीच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधल्या हीथक्लिफवर पिढ्यान् पिढ्या मुली भाळल्या. पण तो प्रेयसीच्या मुलीला, धाकट्या कॅथीला घरात कोंडून आपल्या मरणोन्मुख मुलाशी तिचं लग्न लावतो आणि पुढे तिचं घर गिळतो, हेही एमिलीनेच लिहिलं आहे. तिने काही लपवलं नाही.

शार्लटची जेन मला जास्त जवळची. रॉचेस्टर आवडतो, मनापासून आवडतो, तरी वरच्या मजल्यावर त्याची बायको कोंडलेली आहे हे कळल्यावर ती रातोरात निघते. परतते ती काकांकडून २०,००० पौंडांचा वारसा आल्यावर, त्याचे चार सारखे वाटे करून, स्वतःचे ५,००० गाठीशी ठेवून. इतक्या उत्कट प्रेमकथेत हा हिशेब आहे, आणि तो नसता तर माझा त्या शेवटावर विश्वास बसला नसता.

हा माणूस आपला आहे की आपल्या जिवावर उठणार आहे? रॉचेस्टरबद्दल हा प्रश्न शेकडो पानं उघडा राहतो. घाबरत, मोहात पडत, हातात मेणबत्ती घेऊन बाई एकेक दार उघडून पाहते. आमच्या पिढीत याच प्रश्नाचं उत्तर चहा-पोह्यांच्या एका बैठकीत द्यायचं असे. शोधायला एवढा वेळ, एवढा अवकाश कुणी दिला होता आम्हाला?

३० जुलै
भाची मध्यंतरी आली होती. तिच्या पिशवीत सारा जे. मास. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’, २०१५. शापित सरदार, मुखवटे, गुलाबांनी वेढलेला वाडा. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा सांगाडा स्पष्ट दिसतो. “मावशी, पहिल्या भागावर थांबू नकोस,” एवढं बजावून गेली.

दुसरा भाग दोन दिवसांत संपवला. तिचं म्हणणं पटलं. पहिल्या भागात फेयरा ज्याच्यासाठी जीव द्यायला निघते तोच टॅमलिन दुसऱ्या भागात, तिच्याच काळजीपोटी, वाड्याला जादूचं कडं घालून तिला आत डांबतो. श्वास कोंडून ती कोसळते. उडॉल्फोची कडी, सव्वादोनशे वर्षांनी! फरक असा की इथे ती घालणारा खलनायक नाही, प्रियकर आहे. आणि ज्याच्यावर ती पुढे भाळते तो रीसँड तिला आधी वाचायला शिकवतो, नंतर राज्यात बरोबरीचा अधिकार देतो. भाषा मला कधीकधी फार भडक वाटली, प्रणयप्रसंग लांबले. तरी वीस वर्षांच्या मुली यातून काय उचलतात ते कळलं, आणि मला ते मोलाचं वाटतं.

२ ऑगस्ट
भाचीशी फोनवर वाद. ती म्हणते, नायिकेच्या हातात जादू आली की कडी आपोआप तुटते. मी म्हटलं, मग जिला जादू मिळत नाही तिचं काय? रॉचेस्टरच्या थॉर्नफील्डमध्ये तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या त्याच्या बायकोचं, बर्थाचं काय? रॉचेस्टरच्या वडिलांनी त्याचं तिच्याशी लग्न लावलं ते ३०,००० पौंडांसाठी.

तिला जीन ऱ्हीसची ‘वाइड सारगासो सी’ पाठवते आहे. १९६६ची. ऱ्हीस स्वतः कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाची, आणि बर्थाचं आयुष्य तिने बर्थाच्या बाजूने लिहिलं. तिथे त्या मुलीची ‘आंट कोरा’ आहे. पोरीच्या नावे काहीही न ठेवता सगळा पैसा नवऱ्याला देऊन टाकला म्हणून ती घरच्यांशी भांडते, ऐकून कुणी घेत नाही. मग आपल्या अंगठ्या एका रेशमी पिशवीत घालून ती मुलीला देते आणि त्या नवऱ्याला दाखवू नकोस, लपवून ठेव असं सांगते. सुरुवात त्या पानापासून केलीस तरी चालेल, असं भाचीला लिहिलं आहे.