पेडण्याच्या नदीकाठी

गोव्याला जाणारी मंडळी बहुधा देवदर्शनासाठी जातात, नाहीतर समुद्रकिनाऱ्यासाठी. आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षे पाऊस सरल्यावर तिकडे जातो ते मासे गरवायला. हे सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "का, बाजारात मिळत नाहीत?" या प्रश्नाला आमच्यापाशी नीटसे उत्तर नव्हते. या खेपेस ते थोडेबहुत सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगावाहून जांबोटीवरून चोर्ला घाट उतरला की सत्तरीतील केरी गाव लागते. पेडण्यातही एक केरी आहे, ती समुद्राकाठी. पहिल्या वर्षी या दोन केऱ्यांनी आम्हांला चांगलेच फिरवले होते. पुढे साखळी आणि मग डिचोली. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती कायमचे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. गोव्याच्या जुन्या भागाहून येथला इतिहास निराळा. देवळातल्या भजनांत आणि गावोगावच्या नाटकांत मराठी येथे अजून सहज कानी पडते. परमुलखात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या आवाजाने घरी आल्यासारखे वाटते.

पहिला मुक्काम नार्व्याला. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्यास आणला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. दर्शन घेऊन आम्ही भर दुपारी मांडवीच्या काठावर उभे राहिलो. तास-दीड तास गळ फेकला, एकाही माशाने तोंड लावले नाही. शेजारी एक वृद्ध गृहस्थ हातात नुसती दोरी घेऊन स्वस्थ बसले होते. भरती पुरी होऊन पाणी थबकले होते, हे त्यांना दिसत होते, आम्हांला नाही. कंटाळून आम्ही सामान आवरले आणि तेवढ्यात ओहोटी लागली. पंधरा मिनिटांत त्यांनी दोन मासे काढले. जाताना ते एवढेच म्हणाले, "पाणी चालू लागल्याशिवाय मासा चालत नाही."

मुंबईकडे कोळी मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. गोव्यात ही वेळ थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाण्याची चढउतार दोन मीटरांच्या आसपास; अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी मंद. पंचांग घरात असून आम्ही ते मासेमारीसाठी कधी उघडले नव्हते.

आमच्या गरवण्याची तऱ्हा वेगळी आहे. गळाला कोळंबी किंवा गांडूळ न लावता आम्ही खोटा मासा बांधतो. बोटभर लांबीचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, रंगवलेला. त्याच्या जबड्याखाली एक लहानशी पारदर्शक जीभ असते. दोरी ओढली की जिभेवर पाण्याचा दाब येऊन तो खाली बुडतो आणि जखमी माशासारखा डुलत पुढे येतो. फिनलंडमधील लाऊरी रापाला या कोळ्याने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा असा मासा कोरला. घोळक्यातील दुबळा मासा मोठा मासा आधी टिपतो, हे पाहून त्याने ते डुलणे साधले. म्हणजे हा फसवणुकीचाच खेळ. पण पाणी ओळखल्याशिवाय त्यात यश नाही.

दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, आम्ही पेडणे महालात शापोरा नदीच्या काठी आगरवाड्याकडे गेलो. आगर म्हणजे मिठागर. गावाच्या नावातच खारे पाणी आहे. तेथील एका घराशी आमचा जुना स्नेह. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही आबा म्हणतो. नदीला लागून त्यांची खाजन शेती आहे. खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आतले पाणी बाहेर पडते आणि त्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्र. हे आयते खाद्य टिपायला बाहेर मोठे मासे टपलेले असतात.

साहजिकच आमच्यातल्या एकाने मानशीच्या तोंडावरच गळ फेकायला हात उचलला. आबांनी तो धरला. "मानशीचा लिलाव होतो. येथला मासा ज्याने बोली लावली त्याचा. खाली तिवरांकडे जा." मोकळी वाटणारी ती नदी किती जणांच्या हक्कांनी बांधलेली आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. बांधावरून चालता चालता आबा सांगत होते की आता बांध फुटला तर दुरुस्तीला माणसे जमत नाहीत. शेत पडीक राहते, त्यात तिवरे उगवतात. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली, तेव्हापासून जमीन विचारायला माणसे येतात, पीक विचारायला कोणी येत नाही.

सूर्यास्ताला तासभर होता. ओहोटी जोरात होती. आमच्यातील सर्वांत धाकट्याने तिवरांच्या मुळांशी खोटा मासा फेकला, दोनदा ओढला आणि काठी एकदम वाकली. पाण्याबाहेर उसळून डोके झटकणारा तो मासा पाहताच आबा म्हणाले, "चोणक!" रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात आणि बंगालात भेटकी, तोच हा. दहा-बारा मिनिटांनी तो काठाशी आला. चांगला दोन हात लांब. आबांच्या चेहऱ्यावर रात्रीच्या जेवणाचा आनंद स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यात आमचा दुसरा मित्र म्हणाला, "सोडून दे."

आबा प्रथम समजलेच नाहीत. समजल्यावर मात्र रागावले. "सोडायचाच होता तर ओढलात कशाला? माणूस पोटासाठी मासा मारतो. तुम्ही त्याच्या तोंडात लोखंड घालून गंमत पाहिलीत!"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मित्राने हळूहळू आपली बाजू मांडली. चोणक जन्मतः बहुधा नर असतो. काही वर्षांनी, पुरेसा वाढल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे एवढा मोठा मासा जवळजवळ नक्कीच मादी. पावसाळ्यात ती नदीच्या मुखाकडे जाऊन लाखोंनी अंडी घालते आणि पिले वाढतात ती याच तिवरांत नि खाजनांत. लहान खाल्ला तर एक मासा जातो. हिला मारले तर पुढची पिढी जाते. आबा ऐकत राहिले. "पावसात मोठ्या चोणकीच्या पोटात गाबोळी असते हे आम्हांला ठाऊक. ती आधी नर असते, हे आजच ऐकतो," एवढेच ते म्हणाले. निर्णय त्यांनी दिला नाही. ज्याने पकडली त्याच्याकडे पाहिले.

धाकटा पाण्यात उतरला. ओले हात तिच्या पोटाखाली धरून त्याने गळ काढला आणि तिचे तोंड प्रवाहाकडे केले. ती आडवी झाली. एक मिनिट गेले, दोन गेली. ती मेली असती तर आबांचे बोल शब्दशः खरे ठरले असते आणि त्यांच्या पानातली चोणकही व्यर्थ गेली असती. अखेर कल्ले नीट हलू लागले, शेपटी वळली आणि आमच्या पायांवर गढूळ पाणी उडवून ती गेली.

रात्री काकूंनी मानशीवाल्याकडून आणलेल्या शेवट्यांचे हुमण वाढले. "घरात चोणक यायची होती, आज एवढ्यावर भागवा," आबा म्हणाले. रागाचा सूर उतरला होता, पण टोमणा होता आणि तो आम्ही योग्य म्हणून गिळला. कारण सोडलेल्या माशालाही वेदना होतेच. त्या रात्री आम्ही चौघांनी ठरवले: गळांचे उलटे काटे चेपून टाकायचे, म्हणजे सोडताना इजा कमी, मोठा मासा परत पाण्यात, आणि जेवणापुरते दोन लहान मिळाले की काठ्या गुंडाळायच्या, मग ओहोटी कितीही चांगली असो.

तिसऱ्या दिवशी केरीला तेरेखोल नदीच्या मुखाशी हा नियम कसाला लागला. समोर तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला. अर्ध्या तासात दोन बेताचे तांबसे मिळाले. पाणी अजून उत्तम वाहत होते, हात शिवशिवत होते. काठ्या गुंडाळून फेरीबोटीच्या धक्क्यावर बसून राहणे मासा काढण्याहून अवघड गेले.

परत निघताना ते दोन तांबसे आम्ही आबांकडे पोचवले. त्यांनी आमचा खोटा मासा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "डोळा बरा काढलाय." मग दारापर्यंत येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी कोणत्या तिथीला येता ते आधी कळवा. मानशीवाल्याला सांगून ठेवतो."