मोटारीने मुंबईस येणाऱ्या पाहुण्यांस चार शब्द

वाकोल्यास बिऱ्हाड करून राहणाऱ्या माणसास पाहुणचार दोन प्रकारचा करावा लागतो. एक पाहुण्यांचा आणि दुसरा त्यांच्या मोटारीचा. पैकी पहिला आम्हांस मुळीच जड जात नाही. दोन खोल्यांत चार माणसे निजतात तेथे सहाही निजतात, आणि पिठल्यात वाटीभर पाणी अधिक घातले म्हणजे पंगतही पुरी पडते. परंतु मोटारीचा प्रश्न निराळा आहे. माणसास अंग चोरून निजता येते. मोटारीस अंग चोरता येत नाही. तिला तिची पुरी जागा लागते, आणि आमच्या गल्लीत तेवढी जागा पूर्वीच दुसऱ्या कोणाच्या तरी मोटारीने व्यापलेली असते.

आमचे मूळ गाव नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात. शिक्षकाच्या पेशामुळे आम्ही सांताक्रूझच्या पूर्वेकडील या वस्तीत येऊन राहिलो, त्यास आता बरीच वर्षे झाली. पूर्वी गावाकडचे आप्त आगगाडीने येत व आम्ही त्यांस उतरवून घेण्यास दादरच्या स्थानकावर जात असू. आता घरोघर मोटार झाली आहे. कोणी लग्नाचा बस्ता बांधण्यास येतो, कोणी विमानतळावर मुलास पोहोचवण्यास येतो, आणि बरेचजण परळच्या रुग्णालयात आपले माणूस दाखवण्यास येतात. आमच्या शाळेतील पालकवर्गही दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत मोटारीने गावी जाऊन परत येतो. तेव्हा या विषयात आम्हांस जे अनुभवाने कळले ते विद्यार्थी व पालक यांच्या कानी घालावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम वाटेविषयी. महाराष्ट्रातून वाकोल्यास येण्याच्या मुख्य वाटा तीन. पुण्याकडून येणारा द्रुतगती मार्गाने घाट उतरून पनवेल, वाशीचा खाडीपूल व मानखुर्द या मार्गे चेंबुरास येतो. नाशिककडून, किंवा समृद्धी महामार्गाने येणारा भिवंडी, ठाणे व मुलुंड यांवरून पूर्व द्रुतगती मार्गास लागतो. पालघर व गुजरातेकडील पाहुणा दहिसरहून पश्चिम द्रुतगती मार्गाने सरळ दक्षिणेस येतो. पहिल्या दोन वाटांच्या माणसास शहर पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडावे लागते, व त्यासाठी २०१४ साली सुरू झालेला सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता उपयोगी पडतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून नागपूर ते भिवंडीनजीकचे आमणे हा ७०१ किलोमीटरचा पल्ला अखंड झाला आहे, व शिर्डीकडच्या आमच्या आप्तांस मुंबई बरीच जवळ आली आहे. मात्र रस्ता सुधारला म्हणून माणसाचे डोळे सुधारत नाहीत, हे पुढे सांगूच.

पथकराविषयी एक सोय ध्यानात ठेवावी. मुंबईच्या वेशीवरील वाशी, ऐरोली, मुलुंड येथील दोन व दहिसर अशा पाच नाक्यांवर हलक्या मोटारींस १५ ऑक्टोबर २०२४ पासून पथकर माफ झाला आहे. परंतु महामार्गांवर व वांद्रे–वरळी सागरी सेतूवर तो द्यावाच लागतो. यास्तव निघण्यापूर्वी फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक आहे की नाही हे घरीच पाहावे. नाक्यावर मागील मोटारी कर्णे वाजवीत असता हिशेब करण्यात शोभा नाही.

आता आमच्या दारापाशी येऊ. पाहुणे दोनशे किलोमीटर बिनचूक येतात आणि शेवटच्या दोनशे पावलांत चुकतात, याचे कारण वाकोल्याचा उड्डाणपूल. तो पश्चिम द्रुतगती मार्गावर आहे. त्याच्यावर चढलेला मनुष्य वाकोल्याच्या डोक्यावरून निघून जातो व खाली आमची घरे पाहात थेट पार्ले नाहीतर वांद्रे गाठतो. म्हणून दहिसरकडून येणाऱ्याने विमानतळ मागे पडताच डावी बाजू धरावी. वाकोला त्याच्या डाव्या हातास लागते. वांद्र्याकडून येणाऱ्यानेही पुलावर न चढता खालच्या रस्त्यानेच यावे. चेंबूरच्या जोडरस्त्यास ऑगस्ट २०२५ मध्ये विमानतळाच्या दिशेचा जो नवा उंच फाटा जोडला गेला, तोही पार्ल्याकडे जाणारांसाठी आहे, आमच्याकडे येणारांसाठी नव्हे. थोडक्यात, वाकोल्याच्या पाहुण्याने जमीन सोडू नये.

हातातील दूरध्वनीवरचा नकाशा वाट उत्तम दाखवतो, हे आम्ही मान्य करतो. तथापि पूल वरून व रस्ता खालून जात असला म्हणजे तोही क्षणभर घोटाळतो. यजमानास निघण्यापूर्वीच विचारून शेवटच्या तीन खुणा कागदावर लिहून घ्याव्या व तो कागद चालवणाऱ्याच्या नव्हे, तर शेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावा. ठिकाण चुकलेच तर भर रस्त्यात मोटार थांबवू नये, मागे तर मुळीच घेऊ नये. पुढे जाऊन वळावे. चुकलेल्या वळणाने दहा मिनिटे जातात. महामार्गावर मागे घेतलेल्या मोटारीने माणसे जातात.

वेळेची निवड ही अर्धी वाट होय. सकाळी आठ ते अकरा या वेळात मुंबईचा लोंढा दक्षिणेकडे वाहतो व सायंकाळी पाचपासून नऊपर्यंत तोच उत्तरेकडे परततो. त्याच्यात सापडलेल्या पाहुण्यास दहा किलोमीटर चालून जाणे अधिक सोयीचे वाटू लागते. म्हणून वेशीच्या आत सकाळी सातपूर्वी किंवा भर दुपारी यावे. रविवारची सकाळ तर सर्वांत उत्तम.

परंतु सकाळी सातपूर्वी पोहोचावयाचे म्हणून रात्रभर मोटार हाकीत यावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. या बाबतीत आमच्याच घरातील एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या चुलतबंधूंनी आमच्या वहिनींस उपचारासाठी मुंबईस आणले. सकाळी दहा वाजता परळास हजर राहावयाचे होते. दिवसभर शेतात कांद्याची काढणी करून, रात्री जेवून, अकरा वाजता दादा स्वतः मोटार घेऊन निघाले. पहाटे ते आमच्या दारी उतरले तेव्हा त्यांच्यापेक्षा वहिनीच अधिक थकलेल्या दिसल्या. आम्हांस वाटले की दुखण्याने असेल. मागाहून त्यांनी सांगितले की घाट उतरल्यावर दादांची मान एकदा खाली गेली आणि मोटार रस्त्याच्या कठड्यास घासली. तेथून वाकोल्यापर्यंत वहिनी एक शब्दही न थांबता बोलत आल्या. माहेरच्या गोष्टी संपल्या, शेजारणींच्या संपल्या, तेव्हा त्यांनी शाळेत पाठ केलेले पाढे म्हटले आणि दादांकडून म्हणवून घेतले. ज्या माणसास दवाखान्यात नेत होतो त्यानेच रात्रभर नेणाऱ्याची राखण केली!

वहिनी त्या दुखण्यातून उठल्या, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. त्यानंतरही त्यांस तपासणीस वारंवार यावे लागले. परंतु दादा आता आदल्या दिवशी दुपारीच येतात, रात्री आमच्याकडे निजतात आणि सकाळी ताजेतवाने होऊन निघतात. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच हा झोपेचा प्रहर आहे. चहा, सुपारी किंवा उघडी खिडकी यांपैकी कशानेही तो टळत नाही. त्यास उपाय एकच, आणि तो म्हणजे झोप. दर दोन तासांनी मोटार सुरक्षित जागी उभी करून खाली उतरावे. डोळे जड होताच पंधरा-वीस मिनिटे निजावे. उशीर झाला तर डॉक्टरांस कारण सांगता येते.

विद्यार्थी मित्रहो, येथे तुमचे काम सुरू होते. मोटार चालवण्यास तुम्ही वयाने लहान आहात. पण तिची राखण करण्यास लहान नाही. मागच्या आसनावर बसून पट्टा बांधणे हे पहिले काम. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांनी पट्टा बांधावा असा पोलिसांचा दंडक आहे. परंतु दंडाच्या भयाने नव्हे, तर मोटार अचानक थांबली असता मागचा मनुष्य पुढच्यावर आदळतो म्हणून तो बांधावा. दुसरे काम, वडिलांचा दूरध्वनी वाजल्यास तो तुम्ही घ्यावा आणि ‘बाबा मोटार चालवीत आहेत’ एवढेच नम्रपणे सांगावे. तिसरे, निघण्याच्या दिवशी सकाळी, चाके थंड असतानाच, त्यांतील हवा तपासून घेण्याची वडिलांस आठवण करावी. सिमेंटच्या तापलेल्या लांब रस्त्यावर कमी हवेचे चाक फुटण्याचा संभव असतो. चौथे काम वहिनींनी केले तेच. चालवणाऱ्याशी बोलत राहावे, आणि त्याचे उत्तर लांबू लागले तर ‘बाबा, जरा थांबू या’ असे स्पष्ट म्हणावे. असे म्हणण्यात वडिलांचा अवमान नाही. त्यांच्या जीवाची काळजी करणे हाही आदरच होय.

मोटार एकदा आमच्या येथे पोहोचली की तिने विश्रांती घ्यावी, हे आमचे आग्रहाचे सांगणे. मुंबई पाहावयाची ती मोटारीतून नव्हे. सांताक्रूझ स्थानकावरून लोकलगाडी आहे. भुयारी मेट्रोचे सांताक्रूझ स्थानक आम्हांस जवळ आहे, तो ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा होऊन आरे येथून थेट कफ परेडपर्यंत गेला, व हुतात्मा चौक, चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही ठिकाणे पाहुण्यांस सोपी झाली. रिक्षा उपनगरांतच चालते, माहीम व शीव यांच्या पलीकडे तिला मज्जाव आहे. तेथून टॅक्सी करावी. रुग्ण बरोबर असल्यास तर आपली मोटार नेण्याचा मोह टाळावाच. १९४१ साली स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय परळच्या दाटीत आहे, व त्या भागातील जुना एल्फिन्स्टन पूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यापासून तेथील वाहतूक अधिकच अडली आहे. जो मुलगा मोटार कोठे उभी करावी म्हणून तासभर फिरत राहतो, त्याची आई तेवढा वेळ रांगेत एकटी उभी असते. टॅक्सीचे भाडे द्यावे आणि आईचा हात धरून आत जावे.

शेवटी पावसाविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. वाकोल्याचा नाला पुढे मिठी नदीस मिळतो. मोठा पाऊस व समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली म्हणजे त्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी मुंबईत काही माणसे रस्त्यावरच, आपल्या बंद मोटारीत गुदमरून मरण पावली. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि वीज बिघडली की काचही खाली येत नाही. आत मनुष्य कोरडा असतो व स्वतःस सुरक्षित समजतो, हाच घात होय.

म्हणून पावसाळ्यात येणाऱ्यांनी भरतीची वेळ पाहून निघावे. मिलन, खार व अंधेरी येथील रेल्वेखालच्या भुयारी वाटा जोराच्या पावसात टाळाव्या. रस्त्यावरील पाण्याची खोली दिसत नसेल तर त्यात मोटार घालू नये. सुमारे फूटभर पाण्यातही लहान मोटार तरंगू लागते. पाण्यात यंत्र बंद पडले तर ते पुन्हा चालू करू नये. पाणी चढत आहे असे दिसताच पट्टा सोडावा, काच खाली करावी आणि मुलांस घेऊन उंच जागी जावे. साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक लावावा. मोटार पुन्हा घेता येते.

याउप्पर एकच गोष्ट सांगून रजा घेतो. वांद्रे व माहीम यांच्यामध्ये एके काळी खाडी होती व लोक होडीने ती ओलांडीत. अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या पदरचे द्रव्य दिले, तेव्हा १८४५ साली तेथे रस्ता झाला. आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, अशी त्यांची अट होती. ज्या वाटेने आपण आज सहज शहरात शिरतो ती कोणीतरी परक्यांच्या सोयीसाठी बांधली आहे, हे स्मरले म्हणजे मोटार हाकणाऱ्याची वागणूक आपोआप सौम्य होते. तो रुग्णवाहिकेस वाट देतो, शाळेपाशी वेग कमी करतो, रुग्णालयापाशी कर्णा वाजवीत नाही आणि दुसऱ्याच्या दारात आपली मोटार अडवून ठेवीत नाही. अशा पाहुण्यांचे वाकोल्यास केव्हाही स्वागत आहे. त्यांनी अवश्य यावे. मात्र निघण्यापूर्वी झोप घ्यावी, आणि मोटार ठेवण्याच्या जागेविषयी आम्हांस चार दिवस आधी कळवावे!