डोकं दुखतंय, हे मी बोलू दिलं नाही

पंचवीस वर्षं सह्याद्रीत भटकून माझी एक पक्की समजूत झाली होती. पायात दम असला की डोंगर त्रास देत नाही. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या पोरांना एव्हरेस्ट बेस कॅम्पची कसली धास्ती? उंचीसाठी डायमॉक्सच्या गोळ्या घेणारे मला कच्चे वाटायचे. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे तो परदेश आहे हेही मनावर घेतलं नाही. कुणीतरी विम्याचं काढलं, तेव्हा "कशाला उगीच?" म्हणणारा मीच होतो.

रजा मोजकी होती. नामचे बाजारला (३४४० मीटर) आणि दिंगबोचेला (४४१०) एकेक दिवस मुक्काम वाढवायचा, असं आमच्या शेर्पाने आखून दिलं होतं. मी दोन्ही दिवस कापले. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. नामचेलाच आम्ही त्याच्या दुपटीच्या वर होतो, आणि तिथल्या विरळ हवेत आमच्यापैकी कुणी एक रात्रही काढलेली नव्हती.

लोबुचेला (४९४०) संध्याकाळी आमच्यातला सगळ्यात तगडा मुलगा, कायम सगळ्यांच्या पुढे चालणारा, बुटाची नाडी बांधत बसला होता. दोन टोकं हातात धरून नुसता बघत होता. गाठ कशी मारायची तेच त्याला सुचेना. शेर्पाने त्याला उठवलं आणि जमिनीच्या एका फळीवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर आदळला.

"दाजू, अभी नीचे. सुबह तक नहीं," शेर्पा मला म्हणाला.

मेंदूला सूज येऊ लागली होती. विजेऱ्यांच्या उजेडात आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. थुकलाच्या खिंडीत एव्हरेस्टवर गेलेल्यांच्या आठवणीसाठी रचलेले दगडी चौथरे आहेत. दुपारी तिथे आम्ही फोटो काढले होते. त्यांच्यामधून जाताना तो म्हणाला, "दादा, डोकं दिंगबोचेपासूनच ठणकत होतं. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही."

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन मिळालं, आणि मुख्य म्हणजे आम्ही खाली आलो होतो. पोरगा वाचला.

तिथे मला जे समजावून सांगितलं, ते मी निघण्यापूर्वीच शिकायला हवं होतं. विरळ हवेत माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि मग शरीर श्वास पुन्हा आवरतं घेतं. हा तोल मूत्रपिंडं सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. डायमॉक्स त्यांच्याकडून तेच काम लवकर करून घेतं. मांड्यांच्या ताकदीचा याच्याशी काही संबंध नाही. उलट तगडा माणूस भराभर चढतो आणि शरीराला सवड देत नाही.

त्यानंतर मी तीनदा नेपाळला गेलो. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचावर करत नाही. तीन-चार दिवसांनी एक दिवस चढायचं नाही. विमा हेलिकॉप्टरसकट, आणि तो किती उंचीपर्यंत लागू आहे हे कागदावर वाचूनच. डायमॉक्स डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी सांगून. वर डोकं दुखलं की ते उंचीनेच दुखतंय असं धरून चालायचं आणि पुढे चढायचं नाही.

पण सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. संध्याकाळी लसणाचं सूप समोर आलं की पोरं एकमेकांकडे बघतात, आधी कोण बोलणार म्हणून. तेव्हा मी सुरुवात करतो. काल रात्री झोप लागली नाही, भूक कमी आहे, कपाळ दुखतंय. जे असेल ते. मग एकेक जण बोलू लागतो.