नव्वदावं मिनिट

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पहिल्या दोन-तीन सामन्यांत पायऱ्यांवर जेवढं ज्ञान ऐकू येतं, तेवढं नंतर कधी येत नाही. नव्या स्ट्रायकरचा पहिला पास चुकला तर तो ‘पैसे वाया’, आणि लागला तर ‘हा यंदा वीस मारणार’. डाव्या बगलेचा पोरगा दोनदा घसरून पडला की त्याच्या बुटांपासून त्याच्या रात्रीच्या जागरणापर्यंत सगळ्याची चौकशी होते. फातोर्ड्याला, म्हणजे मडगावच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, ही चौकशी जरा लवकरच सुरू होते. सप्टेंबर असतो. पाऊस गेलेला नसतो, हवेत दमटपणा असा की नुसतं बसून घाम यावा. चवथीचा फराळ अजून पचायचा असतो. आणि शेजारी बसलेल्या माणसाला गेल्या एप्रिलपासून काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं.

2024 च्या अनंत चतुर्दशीला एफसी गोवाचा इंडियन सुपर लीगमधला पहिला सामना जमशेदपूरशी होता. गोवा आधी आघाडीवर गेला. मग जमशेदपूरने पेनल्टीवर बरोबरी केली आणि अगदी शेवटी, इंज्युरी टाइममध्ये, दुसरा गोल मारून सामना नेला. पुढे मोहम्मेडन स्पोर्टिंगशी 1-1, ईस्ट बंगालला त्यांच्या घरी 3-2, नॉर्थईस्टशी घरच्या मैदानावर 3-3. चार सामन्यांत आठ मारले, आठ खाल्ले. ईस्ट बंगालविरुद्ध बोर्हा एरेराने एकट्याने तीन मारले, मोहन बागानकडून आलेला अल्बेनियाचा आर्मांडो सादिकू गोलपेटीत चेंडूचा वास लागल्यासारखा फिरत होता. गुण सगळ्यांना दिसत होते. तरी चर्चा गुणांची नव्हती. चर्चा होती मागच्या फळीची, आणि प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांची. त्याच जुलैत त्यांच्याकडे भारतीय संघाचीही सूत्रं आली होती. “दोन घरचो पावणो उपाशी,” असा निकाल माझ्या मागच्या ओळीत कोणीतरी देऊन टाकला. तोच गोवा त्या मोसमात लीगमध्ये दुसरा आला.

म्हणजे पायऱ्यांचा अंदाज चुकला म्हणायचा? मला तसं वाटत नाही. त्या सप्टेंबरात आम्ही सप्टेंबरचा संघ बघतच नव्हतो.

आम्ही 24 एप्रिल 2024 बघत होतो. उपांत्य फेरीचा पहिला सामना, याच मैदानावर, समोर मुंबई सिटी. बोरिस सिंगने पहिला गोल मारलेला, मडगावच्याच ब्रॅंडन फर्नांडिसने दुसरा. नव्वदावं मिनिट लागलं तेव्हा फलक 2-0 दाखवत होता, आणि लोक अंतिम सामन्याच्या तिकिटांबद्दल बोलत होते. मग लालियानझुआला छांगटेने एक मारला. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने दुसरा. हे दोन नीट समजून घ्यायच्या आत पुन्हा छांगटे, तिसरा. 2-3. सहा-सात मिनिटांत एवढं सगळं झाल्यावर माणसं उठत नाहीत. बसूनच राहतात, आणि पार्किंगमध्ये गर्दी कमी व्हायची वाट बघतोय असं दाखवतात. मुंबईतला परतीचा सामना गोवा 0-2 हरला, पण त्याबद्दल कोणी फारसं रडलं नाही. जे व्हायचं ते फातोर्ड्यालाच होऊन गेलं होतं.

आणि ज्यांचं वय जरा जास्त आहे, ते त्या रात्री 2024 देखील बघत नव्हते. ते 2015 बघत होते. 20 डिसेंबर, लीगचा अंतिम सामना, प्रशिक्षक साक्षात झिको. चेन्नईयनविरुद्ध 87 व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने गोवा 2-1. करंडक घरी आल्यात जमा. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या हाताला लागून चेंडू आत गेला, स्वयंगोल म्हणून त्याच्या नावावर लागला. दोन मिनिटांनी स्टिव्हन मेंडोझाने तिसरा मारला. पुढच्या मोसमात तोच गोवा आठ संघांत आठवा आला आणि झिको परत गेले.

आता गंमत अशी की 2015 च्या त्या अकराजणांतला एकही जण 2024 च्या मैदानावर गोव्याकडून उतरलेला नव्हता. प्रशिक्षक वेगळा, बचावपटू वेगळे, गोलरक्षक वेगळा, खेळायची पद्धतही वेगळी. तरीही जमशेदपूरचा शेवटचा गोल झाला तेव्हा सगळी माणसं एकच वाक्य बोलली: आपलो टीम निमाणें खाताच. शेवटी खातोच. ‘आपला संघ’ म्हणजे नेमकं कोण मग? खेळाडू बदलले, सवय कोणाच्या अंगात राहिली?

शास्त्र विचाराल तर शेवटच्या दहा मिनिटांतले गोल गूढ नसतात. आघाडीवरचा संघ न ठरवता मागे सरकत जातो. बचावाची ओळ आपल्याच गोलपेटीपर्यंत येते. हरणारा संघ दोन बचावपटू काढून दोन आघाडीवीर आत पाठवतो, पाच बदली खेळाडूंची मुभा असल्याने समोर ताजे पाय येतात. चेंडू बाहेर काढला तरी तो पुन्हा समोरच्याच पायात पडतो, कारण आपला एकटा स्ट्रायकर मध्यरेषेवर दमून उभा असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत हे सगळं आणखी लवकर होतं. जगात प्रत्येक मैदानावर हे घडतं. फक्त इतर मैदानांवर त्याला दमछाक म्हणतात, आणि आमच्याकडे नशीब.

मोसमाच्या सुरुवातीच्या चुकांबद्दल माझं एक मत आहे, जे पायऱ्यांवर कोणालाच पटत नाही. चुका दोन जातींच्या असतात. एक, संघ काहीतरी नवं करू बघतो म्हणून होणाऱ्या. दुसऱ्या, कोणाचं काम कोणतं हे ठरलेलंच नाही म्हणून होणाऱ्या. पहिल्या जातीच्या चुका डोळ्यांत भरतात, हास्यास्पद दिसतात, आणि दिवाळीनंतर हळूहळू कमी होतात. दुसऱ्या जातीच्या चुका चटकन दिसत नाहीत. कॉर्नरवर दोघेही एकाच माणसामागे धावले, गोलरक्षकाने हाक दिली नाही, मधल्या फळीतला एक जण परतताना चालत आला. त्या राहतात. आणि प्रेक्षक शिव्या देतो पहिल्या जातीला, दुसरीला म्हणतो ‘बॅड लक’.

2017 ला सर्जिओ लोबेरा आले तेव्हा हे अगदी उघड दिसलं. स्पेनचा माणूस, चेंडू मागून खेळवत न्यायचा हट्ट. गोलरक्षकाने लांब मारायचं नाही, जवळच्या बचावपटूला पास द्यायचा, समोरचे अंगावर आले तरी. फातोर्ड्याच्या पायऱ्यांना हे पचणारं नव्हतं. इथे पिढ्यान् पिढ्या वाड्यावाड्यांच्या सामन्यांतून एकच उपदेश ऐकत पोरं मोठी झाली आहेत: मार भायर! त्या मोसमातला पहिला सामना गोव्याने चेन्नईत तीन गोलांची आघाडी घेऊन कसाबसा 3-2 जिंकला. मग मुंबईत 1-2 हरले. त्यात कट्टीमणी चेंडू पायात घेऊन खेळायला गेला आणि समोरच्याने तो काढून घेतला. त्यानंतर बंगळुरूशी 4-3, केरळशी 5-2, आणि दोन्ही सामन्यांत फेरान कोरोमिनासच्या हॅटट्रिक. चार सामने, तेरा मारले, नऊ खाल्ले. कोरो बार्सिलोनाच्या एस्पान्योलमधून वर आलेला. गोलपेटीत तो शांतपणे चालत यायचा, आणि चेंडू जिथे पडणार तिथे तो आधीच उभा असायचा. त्या मोसमात त्याने 18 गोल केले, पुढच्या मोसमात 16. लोबेराने मागून खेळायचा हट्ट सोडला नाही. पायऱ्यांनी हळूहळू ‘मार भायर’ ओरडणं कमी केलं. बंद मात्र केलं नाही. 2020 मध्ये लीगच्या साखळी फेरीत पहिलं स्थान मिळवून गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचला, असा मान मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तोवर लोबेरांना काढून टाकलेलं होतं. याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

कट्टीमणीचं पुढे काय झालं, हे इथे सांगितलंच पाहिजे. तो गोव्याचाच. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचं कर्णधारपद केलेला गोलरक्षक या भूमीत होऊन गेल्यामुळे इथे गोलरक्षकाला मोजायची पट्टी आधीच कडक. त्यात 2015 चा स्वयंगोल, 2017 ची ती मुंबईतली चूक. मोसमाच्या सुरुवातीला त्याचं नाव संघात दिसलं की काही लोक मुद्दाम मोठ्याने सुस्कारा टाकत. पुढे तो हैदराबादला गेला. 20 मार्च 2022 ला लीगचा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्याला आला. गोवा त्यात नव्हता; मैदान केरळच्या पिवळ्या रंगाने भरलेलं. केरळ 1-0 पुढे होता, 88 व्या मिनिटाला साहिल तवोराने, हाही गोंयकारच, बरोबरीचा गोल मारला. सामना पेनल्टी शूटआउटला गेला, आणि कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवून हैदराबादला करंडक मिळवून दिला. त्याच मैदानावर. दुसऱ्या दिवशी मडगावच्या बाजारात सगळेच म्हणत होते की आपल्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

गुण ओळखायला जो वेळ लागतो तो आताच्या लीगमध्ये मिळत नाही, ही खरी अडचण. धेंपो, साळगावकर, चर्चिल यांच्या काळात खेळाडू वर्षानुवर्षं तिथेच असे. आर्मांदो कुलासो यांनी धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, ती दहाहून जास्त वर्षांच्या मुक्कामात. प्रेक्षकाला खेळाडूचं घर माहीत, त्याचा भाऊ माहीत, गुडघा कोणता दुखरा तेही माहीत. पहिल्या सामन्यात तो वाईट खेळला तर रविवारी चर्चच्या पायरीवर किंवा तिंट्यावर भेटून विचारता येई. आताचे खेळाडू बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावरचे भाडेकरू. सप्टेंबरात ओळख व्हायची, एप्रिलमध्ये निरोप. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तेव्हा त्या जुन्या चौकशा बंदच झाल्या. लोबेरा मुंबईला गेले तर मागोमाग जाहू, बूमू, फॉल, आपला मंदार राव देसाईसुद्धा तिकडे. त्यांनी 2020-21 मध्ये मुंबईला विजेतेपद मिळवून दिलं, तेही फातोर्ड्यालाच, करोनामुळे प्रेक्षक नसलेल्या मैदानावर. बिपिन सिंगने निर्णायक गोल कितव्या मिनिटाला मारला? नव्वदाव्या. पायऱ्या रिकाम्या होत्या, गोवा खेळत नव्हता, तरीही. ज्यांना संघाचं नशीब मानायचं नव्हतं त्यांनी त्या दिवसापासून मैदानाचं नशीब मानायला सुरुवात केली.

मी यातलं काही मानत नाही, पण 6 एप्रिल 2025 ला मी 85 व्या मिनिटापासून घड्याळ बघत होतो, हे खरं. बंगळुरूने पहिला उपांत्य सामना 2-0 जिंकलेला. फातोर्ड्याला एरेराने एक फेडला, 88 व्या मिनिटाला सादिकूने दुसरा. एकूण 2-2. माझ्या पुढच्या ओळीतला एक वयस्क गृहस्थ आनंदाने उडी मारून खाली बसला आणि लगेच म्हणाला, “पात्रांव, हें वेगीं जालें.” जरा लवकर झालं. इंज्युरी टाइममध्ये सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू आत घातला. गृहस्थांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

आठवण ही प्रेक्षकाची एकमेव पद्धत आहे. विश्लेषक प्रत्येक फटक्याची शक्यता मोजतात, किती वेळा चेंडू गमावला ते मोजतात, आणि ते बरोबरही असतात. पण त्यांचा हिशोब प्रत्येक सामन्यात शून्यापासून सुरू होतो. खेळाडू, प्रशिक्षक, मालकसुद्धा येतात-जातात. या सगळ्यात 2015 पासून सतत हजर असलेला एकच घटक म्हणजे ते 19,000 आसनांवर बसणारे लोक. त्यामुळे क्लबची सवय कुठे साठवलेली असेल तर त्यांच्याकडेच. सप्टेंबरात ते नव्या बचावपटूवर जो अविश्वास दाखवतात तो त्या बिचाऱ्याने कमावलेला नसतो. त्याला तो आयता मिळतो.

2025 मध्ये तर सप्टेंबरच आला नाही. लीग कोणी चालवायची याच्या करारावरून स्पर्धा रखडली. गोव्याने मे महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप जिंकलेला असल्यामुळे आशियातले सामने तेवढे होते. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल-सीबला 2-1 हरवलं. 22 ऑक्टोबरला सौदीचा अल-नासर फातोर्ड्याला आला, रोनाल्डोला घरी ठेवून. दहाव्या मिनिटाला पहिला गोल खाल्ला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, मग ब्रिसन फर्नांडिसने एक परत केला आणि निकाल 1-2 राहिला. शेवटची दहा मिनिटं गोवा त्या संघाच्या अंगावर चालून जात होता, आणि मागे कोणीही काही खाल्लं नाही. बाहेर पडताना दोन गट झाले. एकांचं म्हणणं, बचाव पहिल्या अर्ध्या तासात झोपलेला होता, या चुका सुधारल्या नाहीत तर लीगमध्ये काय होणार. दुसऱ्यांचं म्हणणं, गोल सुरुवातीलाच खाल्ले म्हणजे संघ सुधारतोय. पार्किंगपर्यंत वाद मिटला नाही, आणि लीग कधी सुरू होणार हे तर कोणालाच ठाऊक नव्हतं.