वीस बाय चव्वेचाळीस

कोल्हापुरात खेळ म्हटलं की तालमीतली तांबडी माती, नाहीतर शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. रॅकेटचा नंबर बराच मागे. पण रॅकेटची एक लांबलचक गोष्ट इथून तासाभराच्या अंतरावर, सांगलीत सुरू होते.

नंदू नाटेकर 1933 मध्ये सांगलीत जन्मले. तरुणपणी त्यांच्या हाती टेनिसची रॅकेट होती आणि ती साधी नव्हती. 1951-52 च्या राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत ते थेट अंतिम फेरीत पोहोचले. समोर रामनाथन कृष्णन. हरले. कृष्णनपुढे हरण्यात कमीपणा कसला? पण नंदूंनी टेनिस सोडलं आणि हलकी, बॅडमिंटनची रॅकेट धरली. 1956 मध्ये क्वालालंपूरला जिंकले आणि परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं.

वडिलांनी टाकलेली जड रॅकेट मुलाने उचलली.

गौरव नाटेकर टेनिसमध्ये राष्ट्रीय विजेते झाले, डेव्हिस कप खेळले. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. सांघिक सुवर्णही आलं. दोन वर्षांनी अर्जुन पुरस्कार. घरात दुसरा. व्यावसायिक टेनिस थांबल्यावर बहुतेक खेळाडूंसारखे तेही प्रशिक्षणाकडे वळले. इथवरची वाट ओळखीची.

वळण पुढे आहे. पत्नी आरती पोनप्पा (त्याही टेनिसपटू) यांच्यासह गौरव यांनी 2025 च्या सुरुवातीला मुंबईत पिकलबॉलची लीग भरवली. या खेळाच्या रॅकेटला गटिंगच नसतं. सपाट फळी आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू. टेनिसच्या जुन्या चाहत्यांना तो पोरखेळ वाटतो. वाटू दे.

हा खेळ 1965 मध्ये अमेरिकेतल्या एका बेटावर, घरामागच्या बॅडमिंटन कोर्टवर जन्मला आणि कोर्टचं माप तेच राहिलं: 20 बाय 44 फूट. टेनिसपटू मुलगा उतारवयात नेमक्या वडिलांच्या कोर्टवर येऊन उभा राहिला. ते पाहायला नंदू नव्हते. 28 जुलै 2021 ला पुण्यात ते गेले. त्यांच्या कोर्टवरचं नेट मध्यभागी पाच फूट उंच असायचं. मुलाचं 34 इंच आहे.