टर्बो टायमर आणि तीन मिनिटांचं पुण्य

चवथ जवळ आली की आमच्या गोव्यात दोन विषयांवर हमखास चर्चा होते. एक, माटोळीचं सामान यंदा किती महागलं. आणि दुसरा, गाडी. कुणाला खरेदीला बेळगाव गाठायचं असतं, कुणाचे चुलत-मावस भाऊ मुंबईहून गाडी घेऊन यायचे असतात. त्यांतला एखादा मला हटकून विचारतोच, "टर्बो टायमर बसवून घेऊ काय रे? टर्बोचं आयुष्य वाढतं म्हणतात." मी काही मेकॅनिक नव्हे. पण बॉनेटखाली डोकं घालायची खोड जुनी आहे, आणि तेच तेच उत्तर देऊन कंटाळाही आलाय. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

खरं तर हा टायमर आपल्या लोकांना नवा नाही. फक्त तो पूर्वी डब्यात मिळत नसे, ड्रायव्हरच्या डोक्यात असे. २०१२ साली खाणी बंद पडण्याआधी डिचोली, सांखळी, उसगावच्या रस्त्यांवर टिपरांच्या रांगा लागायच्या, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. टर्बोची ती बारीक शीळ घालत भरलेला टिपर चढ चढून यायचा, टपरीपाशी थांबायचा, ड्रायव्हर खाली उतरून चहा सांगायचा, आणि इंजिन मात्र घुरघुरतच असायचं. क्लिनर पोरानं चावीला हात घातला तर ओरडा खायचा, "रांव रे मातशें, इंजीन थंड जांव दी!" हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. उस्तादाकडून क्लिनरकडे आलेली विद्या ती.

या विद्येत तथ्य किती, हे पाहायचं तर टर्बोच्या पोटात डोकावलं पाहिजे.

इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी वायाच जातो. टर्बोमध्ये तो एका चाकावर सोडतात आणि चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. विकायच्या मोटारीत टर्बो यायला मात्र १९६२ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्डस्मोबील जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर या दोन गाड्यांत तो बसला. आपल्याकडे १९९८ची सफारी, २००२ची स्कॉर्पिओ, मग २००७ची डिझेल स्विफ्ट असं करत करत तो घराघरांतल्या गाड्यांत पोचला. आता तर लहानशा पेट्रोल गाडीतही टर्बो असतो.

त्या दोन चाकांना जोडणारा दांडा बोटाएवढाही जाड नसतो. पण तो मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो. छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही वर. एवढ्या वेगात धातूला धातू लागला तर खेळ खलास. म्हणून तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल म्हणजे इंजिनाचंच ऑइल, आणि ते तिथवर पोचवणारा पंप इंजिनावरच चालतो. गोम इथेच आहे. इंजिन बंद केलं की पंप बंद, पंप बंद की तेल जागच्या जागी थांबलं. आणि शेजारच्या चाकाचं घर? ते अजून धगधगतंय. डिझेल गाडी जोरात चालवली तर तिथला धूर सातशे-आठशे अंशांपर्यंत जातो, पेट्रोल गाडीत नऊशेच्याही पुढे. ती धग हळूहळू मधल्या भागात शिरते आणि थांबलेलं तेल करपतं.

चपातीच्या तव्याच्या कडेला वर्षानुवर्षं साठलेला काळा थर पाहिलाय ना? घासून जात नाही, खरवडावा लागतो. तसाच थर टर्बोच्या बेअरिंगमध्ये आणि तेलाच्या बारीक वाटांमध्ये बसतो. एका दिवसात काही होत नाही. पण रोज थोडा थोडा बसत गेला की वाट अरुंद होते, तेल कमी पोचतं, आणि एक दिवस शिळेच्या जागी घरघर ऐकू येते. मागून निळा धूर. टर्बो गेला!

यावर उपाय उघड आहे. बंद करण्याआधी इंजिन थोडा वेळ आयडलिंगला ठेवायचं. तेवढ्यात धूर खूप थंड झालेला असतो, तेल वाहत राहतं आणि धग वाहून नेतं. पण माणसाला घाई असते. म्हणून टायमर आला. जपानमध्ये वेगवान गाड्यांचे षौकीन तो बसवू लागले. चावी काढा, दार लावा, निघून जा. ठरवलेली एक-दोन-तीन मिनिटं इंजिन आपलं आपण चालेल आणि मग बंद होईल. कल्पना चुकीची मुळीच नव्हती. ज्या टर्बोला फक्त तेलाचाच थंडावा होता, त्याला याचा खरोखर उपयोग होता.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण या प्रश्नात नुसता टर्बो अडकलेला नाही, माणसंही अडकतात.

आमच्या वाड्यावरचा एक तरुण टुरिस्ट टॅक्सी चालवतो. गाडी त्याची नव्हे, शेटची. एके दिवशी गाडीचा टर्बो गेला. गॅरेजवाल्यानं गाडी पाहिली न पाहिली आणि शेटला सांगितलं, "ड्रायव्हर गाडी थांबली की लगेच चावी फिरवतो, म्हणून गेला." झालं! शेटनं पोराच्या पगारातून महिना दोन हजार कापायचं ठरवलं. दोन महिने कापलेही. तो संध्याकाळी आमच्या बलकांवावर येऊन बसला नि म्हणाला, "बाब, पाहुणे उतरेपर्यंत एसीसाठी गाडी चालूच असते माझी. मी बंद कधी करणार लगेच?"

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, जुना टर्बो कुठाय? नशिबानं तो गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता. तो उचलून आम्ही फोंड्याच्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेला. त्यानं चष्मा पुसला, टर्बो खोलला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. मधल्या भागात करपलेल्या तेलाचा थर नव्हताच. धग खाल्लेल्या दांड्यावर निळसर झाक येते, तीही नव्हती. उलट हवा ओढणाऱ्या चाकाच्या पात्यांच्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या. "धूळ," तो म्हणाला. "एअर फिल्टरच्या पुढचा पायप बघा, फाटलेला असणार." गाडी पाहिली तर रबरी पाईपला घडीच्या आत चीर होतीच. फिल्टर चुकवून धूळ थेट टर्बोत जात होती. पाती झिजली, चाकाचा तोल गेला, मग बेअरिंग गेलं. तीन मिनिटं सोडा, तीन तास इंजिन चालू ठेवलं असतं तरी हा टर्बो वाचला नसता. आणि तो पाईप न बदलता नवा टर्बो बसवला होता, म्हणजे तोही त्याच वाटेनं जाणार होता!

शेटला हे दाखवल्यावर पुढची कपात थांबली. कापलेले चार हजार काही परत आले नाहीत. आणि गंमत म्हणजे शेटनं आपल्या तिन्ही गाड्यांना टायमर बसवून घेतले! असो.

टर्बो मरतो तो बहुतेक वेळा तेलामुळे किंवा आत गेलेल्या कचऱ्यामुळे. तेल कमी पडलं, तेल मळलं, चुकीच्या ग्रेडचं घातलं, बदलायची तारीख उलटून गेली, फिल्टर स्वस्तातला टाकला. तापल्या गाडीची चावी फिरवणं हे त्या यादीतलं एक कारण आहे, एकमेव नव्हे. पण ड्रायव्हर समोर उभा असतो आणि फाटलेला पाईप दिसत नाही. म्हणून खापर कुणावर फुटायचं ते ठरलेलंच.

शिवाय टर्बोही आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९८०च्या दशकापासून गाड्यांच्या टर्बोंच्या मधल्या भागात रेडिएटरचं पाणी खेळवायला सुरुवात झाली. याची खुबी अशी की इंजिन बंद झालं तरी तापलेलं पाणी आपोआप वर चढतं आणि त्याच्या जागी थंड पाणी येतं. पंप नसतानाही धग वाहून नेली जाते. काही गाड्यांत तर छोटा विजेचा पंपही असतो. चावी काढल्यावर बॉनेटखालून गुणगुण ऐकू येते ती कधी त्याची, कधी पंख्याची. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या टर्बो गाड्या आता रस्त्यावर आहेत. प्रत्येक थांब्याला टर्बो करपत असता तर कंपन्यांनी ती सोय दिलीच नसती. सिंथेटिक ऑइलही जुन्या तेलापेक्षा जास्त धग सोसतं.

मग इंजिन थंड करायची गरज मुळीच नाही? आहे, पण कधी ते कळलं पाहिजे. आपला चोर्ला घाटच घ्या. गोव्याहून बेळगावला निघालात, केरी सोडलं की चढ सुरू. गाडी भरलेली, एसी चालू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जीव तोडून फिरतोय. वर पोचल्या पोचल्या चहाला थांबलात आणि लगेच चावी फिरवलीत, तर टर्बोच्या दृष्टीनं यासारखी वाईट जागा नाही. इथे मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, पुण्य लागेल. आता उलटी वाट घ्या. कुंदा घेऊन बेळगावहून परत येताना घाट उतरलात, म्हणजे इंजिनाला काम जवळजवळ नाहीच. केरीला थांबलात तेव्हा टर्बो केव्हाच निवलेला असतो. म्हापशाच्या बाजारातून मुंगीच्या पावलांनी घरी आलात, तरी तेच. टायमर मिनिटं मोजतो. काही महागडे टायमर गाडी कशी चालली त्यावरून मिनिटं ठरवतातही. पण साध्या टायमरला तुम्ही घाट चढून आलात की उतरून, याचा पत्ता नसतो. तुम्हाला असतो. मुक्कामाआधीचे शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायानं चालवले, की टायमरचं काम झालेलंच असतं, तेही फुकटात.

टायमरच्या काही अडचणीही आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर परवानाधारक माणूस ड्रायव्हरच्या जागेवर हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. इंजिन चालू सोडून निघून जाणं, म्हणजे टायमरचं जे काम तेच, रस्त्यावर कायद्यात बसत नाही. दुसरं, पणजीत आल्तिनोच्या उतारावर गाडी लावताना आपण गिअरमध्ये ठेवतो. टायमर चालू असताना गाडी न्यूट्रलला ठेवावी लागते, सगळी भिस्त एकट्या हँडब्रेकवर. तिसरं, घराखालच्या बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू सोडलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. टर्बो वाचवायला जाऊन जिवाशी खेळ नको. आणि नव्या गाडीच्या वायरी कापून असली वस्तू बसवली तर वॉरंटीच्या वेळी वाद ठरलेला.

एक जुनी सवय मात्र आजच सोडा. गाडी बंद करण्याआधी ॲक्सिलरेटर दाबून शेवटची 'रेस' देणारे अजून पुष्कळ आहेत. टर्बो गाडीत ती रेस म्हणजे दांड्याला वेग द्यायचा आणि त्याच क्षणी तेल तोडायचं. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस देणंही तसंच. तेल अजून वर पोचलेलं नसतं.

तर उत्तर असं. फक्त तेलावर निवणारा जुना टर्बो असेल आणि तुम्ही गाडी कायम पिटाळत असाल, तर टायमरनं आयुष्य थोडं वाढेल. पाण्यानं निवणाऱ्या आजच्या गाडीत तो पैसा चांगल्या ऑइलवर, असली फिल्टरवर आणि दर सर्व्हिसला हवेचे पाईप तपासून घेण्यावर खर्च करा. गाडीच्या पुस्तिकेत थंड करण्याबद्दल जे लिहिलंय तेवढं पाळा. आणि उद्या टर्बो गेलाच, तर नवा बसवण्याआधी जुना टेबलावर खोलून मागा. पाती पाहा, दांडा पाहा, तेलाची वाट पाहा. ड्रायव्हरच्या पगाराला हात घालायचा विचार त्यानंतर.